जास्वंद मागे नेली

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एक जास्वंद होती. साधी गावठी, एकेरी पाकळ्यांची, लालभडक. नर्सरीत मिळते तसली पिवळी-गुलाबी नखरेल नव्हे. घर बांधलं त्या वर्षी बायकोने हातभर फांदी खोचली होती, आणि वीस वर्षांत ती भिंतीवरून रस्त्यावर इतकी झुकली की अर्धी आमची आणि अर्धी गल्लीची झाली.

बीडमध्ये ज्याच्या भिंतीवरून फुलं बाहेर डोकावतात, त्याची सकाळ त्याची राहत नाही. पुरतं उजाडायच्या आत फुलं तोडणारे निघतात. एका हातात कॅरीबॅग, दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवून बांधलेली काठी. पाय मोकळे करायचे आणि येताना देवाची सोय करून यायचं, अशी दुहेरी कामगिरी. याला चोरी कुणी म्हणत नाही. देवासाठी घेतलेल्या फुलाला चोरी म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. वर पुन्हा, फुलाचं अर्धं पुण्य झाडवाल्याला जातं असं सांगून ते झाडवाल्यावरच उपकार करून जातात. वीस वर्षांत माझ्या नावावर एवढं पुण्य जमलं असणार, की मी आता कुणाशी कसाही बोललो तरी चालावं.

तसा मी कसाही बोलतोच. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. जन्म खेडोपाडी हिंडण्यात गेला. शेळ्या-मेंढ्यांना लशी टोचायच्या, अडलेल्या गाईची सुटका करायची, म्हशीच्या तोंडात नळीने औषध ओतायचं. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण माळावर पायपीट करत आलेल्या माणसाला कुणी डिग्री विचारत नाही. जनावरांशी माझं चांगलं जमायचं. माणसांशी बोलायचं खातं बायकोकडे होतं. आमच्या गल्लीत कोण राहतं, कुणाचे गुडघे बदलले, कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, हे मला सकाळच्या चहाबरोबर तिच्याकडून कळायचं. मी पेपरमधून मान न काढता हुं म्हणायचो. तिला हे सगळं कुठून कळायचं, तर त्या जास्वंदीपाशी. ती साडेपाचला अंगण झाडायला बाहेर जायची आणि फुलं तोडणाऱ्या बायकांशी भिंतीच्या आतून तिच्या गप्पा चालायच्या. मला अंथरुणात त्यांची कुजबुज ऐकू यायची. शब्द कळायचे नाहीत, आणि ते कळावेत असं मला कधी वाटलंही नाही.

दोन वर्षांमागे मार्गशीर्षात ती गेली. पाच दिवस दवाखाना, आणि मग नाही.

तेराव्यापर्यंत गल्ली आमच्या घरात होती. डबे आले, बायका आल्या, मुलगा-सून पुण्याहून आले होतेच. मग मुलगा मला पुण्याला घेऊन गेला. तिथे मला कुणी काही कमी केलं नाही, पण सातव्या मजल्यावर मातीच नव्हती, आणि माझ्यासारख्या माणसाने दिवसभर पायाखाली फरशी घेऊन बसायचं म्हणजे शिक्षाच. तीन आठवड्यांत मी बीडला परत आलो. मुलाने फार ओढून धरलं नाही. मीही त्याला तशी संधी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपाशी काठीचा आवाज आला. मी जागाच होतो. दोन बायका होत्या. एकीच्या सुनेला भाकरी थापता येत नव्हती. त्यावर बोलणं झालं, फुलं तोडून झाली, त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या मालिकेचं बोलणं झालं. चौथ्या दिवशी गॅसच्या टाकीचं. मी रोज पडून वाट बघायचो, की आज कुणीतरी म्हणेल, बाई गेली बिचारी, या झाडापाशी उभी असायची. कुणी म्हटलं नाही. महिना गेला, सहा महिने गेले, वर्षश्राद्ध झालं. झाड तिचं, फुलं रोज घरोघर देवावर चढतायत, आणि तिचा शब्द कुणाच्या तोंडी नाही. मला राग यायला लागला. राग आला की मला जरा बरं वाटतं, कारण तेवढा वेळ दुसरं काही वाटत नाही.

एका संकष्टीला ट्रॅकसूट घातलेल्या एका गृहस्थाने फांदी ओढली ती बुडापासून चिरली. मी बनियनवरच बाहेर गेलो.

"देवाला फांदीपण लागते का हो?"

"चुकून झालं, काका. अर्धं पुण्य तुमचंच."

"पुण्य सगळं घ्या. फांदी ठेवा."

बाजूला दोन-तीन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो, "ही जास्वंद मी मागच्या अंगणात नेऊन लावणार आहे. मग बघतो कोण येतं ते."

रागात म्हटलेली गोष्ट दुपारपर्यंत विसरावी, असा माझा स्वभाव नाही.

फुलं नेणाऱ्यांत एक म्हातारी होती. ती सगळ्यांच्या मागून यायची, काठी आणायची नाही, हाताला येतील ती पाच फुलं घ्यायची आणि जायची. शिरूर कासारकडच्या मेंढपाळ घरातली. मुलगा एस.टी.त लागला म्हणून बीडला आलेली. चार घरं सोडून राहायची. शिरूरला असताना मी तिच्या मेंढरांना लशी टोचल्या होत्या असं तिचं म्हणणं. मला आठवत नव्हतं, पण गल्लीत मला डॉक्टर म्हणणारी ती पहिली, आणि तिच्यामुळे मग सगळेच. त्या दिवशी ती फाटकाबाहेर थांबली.

"डाक्टर, झाड हलवनार म्हनं तुमी?"

"हो."

"कावून?"

"माझं झाड आहे म्हणून."

"तुमचंच हाय, न्हाई कोन म्हनतंय? पन इतक्या वर्साचं झाड हाय. उपटून लावाया ते काय कोथिंबिरीची जुडी हाय व्हय?"

मग तिनेच मला शिकवलं. तिच्या भावाने मळ्यात लिंबोणी हलवली होती तशी. आधी एका अंगाने बुडापासून हात-दीड हात सोडून चर खणायचा, तेवढ्या बाजूची मुळं तोडायची आणि माती लोटून पंधरा दिवस गप बसायचं. त्या बाजूला बारीक मुळ्या फुटल्या की मग दुसरी बाजू. फांद्या तिसरा हिस्सा छाटायच्या. आणि उगवतीकडच्या फांदीला चिंधी बांधायची, म्हणजे नव्या जागी तीच बाजू उगवतीला ठेवता येते. मला हे लगेच पटलं. वासरू आईपासून तोडतानाही आम्ही एकदम तोडत नाही, एका वेळचं दूध आधी बंद करतो.

"आन न्यायच्या आदल्या सांजंला आवतन द्या झाडाला," ती म्हणाली.

"कसलं आवतण?"

"बुडात हळद-तांदूळ ठिवायचं आन सांगायचं, उद्या तुला नेनार हाय, अमक्या जागी नेनार हाय. न सांगता नेलं की झाड रुसतंय. घरच्या मानसानंच सांगायचं असतंय."

"घरचं माणूस आता मी एकटाच."

"मंग तुमीच सांगा की."

मी हसण्यावारी नेलं. जन्मभर सरकारी लस टोचलेला माणूस मी. पण ज्येष्ठात चर खणले, दोन्ही बाजूंनी मुळं तोडून झाली, आषाढातली आभाळ भरून आलेली एक सकाळ ठरली, आणि आदल्या दिवशी ऊन उतरताना मी स्वयंपाकघरात हळद शोधत होतो. ती तिच्या मिसळणाच्या डब्यात होती, ओलीने गोळा झालेली. चमच्याने खरवडून काढली.

रस्त्यावर कुणी नाही असं बघून मी झाडाच्या बुडाशी उकिडवा बसलो. हळद-तांदूळ ठेवले. म्हणालो, "उद्या तुला मागे न्यायचं आहे." आवाज असा घोगरा निघाला की मीच दचकलो. मग लक्षात आलं की आज दिवसभरात हे माझं पहिलं वाक्य. कालचं आठवायचा प्रयत्न केला. काल दुधाची पिशवी फाटकाला अडकवलेली होती, भाजी घरात होती, फोन आला नव्हता. काल मी बोललोच नव्हतो.

"मोरीच्या पलीकडे जागा केलीय," मी झाडाला सांगितलं. "सकाळचं ऊन मिळेल. दुपारी घराची सावली येईल. इथे तुला सगळे ओरबाडतात आणि तिची आठवण कुणी काढत नाही, म्हणून नेतोय." एवढं सांगून उठायचं होतं, पण उठलो नाही. "दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं होतं, झाडाला पाणी घातलं का. मी घातलं म्हणालो. मी घातलं नव्हतं. घरी येऊन मी नुसता झोपलो होतो." हे मी मुलालाही सांगितलेलं नाही. झाडाला सांगून काही हलकं वगैरे वाटलं नाही. गुडघे मात्र दुखले. उठून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी मजूर अड्ड्यावरून एका माणसाला घेऊन आलो. वर काळी माती, हातभर खाली मुरूम. पहारीने मुरूम फोडत आम्ही मुळांचा मातीसकट गड्डा मोकळा केला, तर एक अंगठ्याएवढं मूळ भिंतीच्या पायाखाली गेलेलं. ते तोडावंच लागलं. कुऱ्हाडीचा घाव बसला तेव्हा सबंध झाड वरपर्यंत थरारलं. गड्डा ओल्या तागाच्या पोत्यात सुतळीने बांधला, फांद्या दोरीने आवळल्या, जास्वंद एका जुन्या पत्र्यावर आडवी घातली आणि घराच्या बाजूच्या बोळकांडीतून ओढत मागे नेली. बोळकांडी जेमतेम अडीच फुटांची. अर्धी पानं भिंतींनाच घासून गेली.

घाम पुसत तो माणूस म्हणाला, "काका, पुढंच बरं दिसत हुतं."

"तुला विचारलं का?"

"न्हाई," म्हणाला, आणि खड्ड्यात पाणी सोडायला लागला. भांडायला जरा तरी तोंड उघडेल असा माणूस आणायला हवा होता.

चिंधी बांधलेली फांदी उगवतीला धरून झाड उभं केलं, माती दाबली, तीन बाजूंनी बांबूचा आधार दिला. आणि मग ती रुसली. आवतण देऊनही रुसली. होत्या नव्हत्या त्या कळ्या गळाल्या, पानं पिवळी पडून एकेक उतरायला लागली. नळाला पाणी दहा-दहा दिवसांनी येतं, म्हणून मी अंघोळीचं, भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं तिला घालायला लागलो. खुर्ची मागे नेऊन ठेवली. आजारी जनावराजवळ बसतात तसा सकाळ-संध्याकाळ बसायचो. फांदीला नखाने किंचित खरवडून बघायचो, आत हिरवं आहे ना. हिरवं असायचं.

तीन आठवड्यांनी एका काडीच्या टोकाला तांबूस पालवीचा ठिपका दिसला. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगायला म्हणून मी फोन उचलला. मुलगा ऑफिसात असणार. सुनेला काय सांगू, झाडाला पान आलं म्हणून? फोन ठेवून दिला.

इकडे पुढच्या भिंतीपाशी काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिले तीन-चार दिवस बायका सवयीने भिंतीपाशी थांबल्या. रिकामी भिंत बघितली, पुढे गेल्या. आठवड्याभरात त्यांनी थांबणंही सोडलं. पुढे वळणावर एका वकिलांच्या कंपाउंडला कण्हेर आणि तगर आहे, त्यांचा मुक्काम तिथे हलला. मला हवी होती ती शांतता मिळाली. साडेपाचला जाग मात्र यायचीच. पडून राहायचो आणि रस्त्यावरून चपला जाताना ऐकायचो. थांबायचं कुणी नाही. मला करमेना. जिच्यावर दीड वर्ष चिडून होतो ती कुजबुज मला हवी होती, आणि ती मीच पहारीने खणून काढली होती. हे मला समजलं, पण कुणाला सांगायचं?

श्रावण सरत आला तशी जास्वंद पुन्हा फुलली. रोज दहा, बारा, पंधरा. मी दोन देव्हाऱ्यात वाहायचो, एक तिच्या फोटोला. बाकीची दिवसभर उघडी राहून संध्याकाळी मिटायची आणि गळून मोरीच्या कडेला पडायची. त्यांना मुंग्या लागायच्या.

एके दिवशी मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि उजाडताना फाटकात उभा राहिलो. त्याच दोघी आल्या, सुनेच्या भाकरीवाल्या.

"फुलं आहेत मागे," मी म्हणालो. "भरपूर आहेत. या, आत या, घेऊन जा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. "ऱ्हाऊ द्या काका, मिळाली आमाला." पिशवी तर तिची रिकामी होती. आणि दोघी भरभर चालायला लागल्या. मला वाटलं, माझ्या मागच्या बोलण्याचा राग असणार. मी पाठीमागून ओरडलो, "अहो, मी काही म्हणणार नाही! खरंच या!" त्या आणखी भरभर गेल्या.

मग मी डोकं चालवलं. आत यायचा संकोच असेल तर फुलंच बाहेर नेऊ. पोळ्याच्या दिवशी सकाळी लवकर अंघोळ केली, सगळी फुलं तोडली, स्टीलच्या ताटात मांडली आणि ताट भिंतीवर नेऊन ठेवलं. मनात म्हटलं, घ्या आता. खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. पहिली बाई आली, ताट बघून जागच्या जागी थबकली आणि तोंडाला पदर लावून रस्त्याच्या त्या कडेने निघून गेली. दुसरी तशीच. ट्रॅकसूटवाल्या गृहस्थाने हात जोडले, फुलांना नव्हे, वर आभाळाकडे, आणि वाट बदलली. एका स्कूटरवाल्याने आमच्या घराला लांबून वळसा घातला. नऊ वाजेपर्यंत फुलं तशीच.

नऊ वाजता म्हातारी आली. फाटकाच्या बाहेरच उभी राहिली.

"डाक्टर, काय मांडलंय हे? अवसंला लाल फुलं? ताटात? आन तेबी तिठ्यावर?"

आमचं घर तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर आहे. आणि पोळ्याला अमावास्या असते, हे मला माहीत नाही असं थोडंच होतं? पण जन्मभर माझ्या लेखी पोळा म्हणजे बैल. खांदे मळणं, शिंगं रंगवणं, झुली. त्या दिवशी अमावास्याही असते हा विचार डोक्यात शिवला नाही.

"बाया म्हंत्यात, डाक्टरनं उतारा ठिवलाय. घरातली पीडा आमच्यावर ढकलतोय."

मी ताट उचलून घेतलं. "मी काय करू मग? आत बोलावलं तर येत नाहीत, बाहेर दिलं तर उतारा!"

"एकल्या बाप्याच्या घरात बाया शिरत्याल व्हय, डाक्टर? आन तेबी मागच्या अंगनात? तुमी मानूस चांगलं हाय, त्येचं काय न्हाई. पन भितीवरचं झाड समद्यांचं असतंय. मागचं झाड घरातलं असतंय. बाई व्हती तवाची गोष्ट येगळी."

मला हे सुचलं नव्हतं. सहासष्ट वर्षांचा माणूस मी, या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, आणि मला हे एक म्हातारी फाटकाबाहेरून सांगत होती. मग आतलं जे होतं ते माझ्या तोंडून निघालंच.

"ती होती, ती होती म्हणता. दीड वर्ष या भिंतीपाशी येऊन फुलं नेली सगळ्यांनी. एकीने तरी तिचा शब्द काढला का? मी आत पडून रोज ऐकत होतो."

म्हातारी म्हणाली, "म्हून तर काडत न्हवत्या. तुमी आत जागं असता, हे ठावं हाय की समद्यांला. तुमाला ऐकू गेलं तर तुमचं मन दुकल, म्हून भितीपशी आलं की दुसरंच कायतरी बोलायचं. पुढं वकिलाच्या भितीपशी गेलं की मंग तिचंच. लई आटवन काडत्यात."

वकिलांची भिंत आमच्यापासून शंभर पावलं असेल.

झाड परत पुढे आणता येईल का, हे मी तिलाच विचारलं. "न्हाई. दोन वर्सं हात लावू नका. मरल," ती म्हणाली आणि गेली.

दोन दिवस मी जेवलो-खाल्लो, पण काय ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी छन्नी-हातोडा काढला. मागच्या अंगणाला पाच फुटांची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे एक बोळ. वर फरश्या टाकलेली गटार आहे त्यातून. त्या बोळाने मारुतीच्या देवळाकडे जाता येतं, पण पुढचा रस्ता मोठा झाल्यापासून कुणी जात नाही. जास्वंदीसमोरची भिंत मी वरून तोडायला लागलो. एकेक वीट सुटी करायची, खाली रचायची. चार दिवस लागले. कमरेएवढी उरली तेव्हा थांबलो. शेजारच्यांनी गच्चीवरून विचारलं, काय बांधताय? म्हटलं, बांधत नाही, पाडतोय.

मुलाचा फोन आला. शेजाऱ्यांनीच कळवलं असणार. "बाबा, मागची भिंत पाडली म्हणे. चोर येतील ना."

"यावेत म्हणूनच पाडली."

तो म्हणाला, "पुण्याला येता का काही दिवस?" मी नाही म्हणालो. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्याला समजावून सांगायला सोपं असं त्यात काही नव्हतं.

म्हातारी दिसली तेव्हा तिला म्हटलं, बायकांना सांगा, मागच्या बोळातून यावं, आत यायची गरज नाही, हात पोचतो. सांगते म्हणाली. आणखी एक केलं. झोपायची खाट पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, खिडकीखाली आणली. म्हातारीला हे सांगितलं नाही. पुढच्या खोलीचा दिवा मात्र पहाटे लावून ठेवायला लागलो, म्हणजे डॉक्टर पुढच्याच खोलीत आहे असंच कुणालाही वाटावं.

गणपती आले, गेले. कुणी आलं नाही. पितृपंधरवड्यात तर कुणी येणारच नव्हतं. मी पडून बोळातल्या फरश्यांचा आवाज येतो का ऐकायचो. एकदा आला तर ती शेळी होती, आणि तिने जास्वंदीचा एक शेंडा खाल्ला. मी तिला हाकललं नाही.

घटस्थापनेला पहाटे फरशी हलली. मग दुसरी. चपला थांबल्या. देवीला लाल फूल लागतं, तेव्हा गरज होतीच. काठी फांदीला लागल्याचा आवाज आला. मी पांघरुणात हललो नाही.

"हितं बरं हाय. हात पोचतोय."

"डाक्टर?"

"पुढं झोपत्यात. दिवा दिसला न्हाई का?"

कॅरीबॅग सळसळली. थोडा वेळ नुसती फुलं तुटत होती. मग थोरली म्हणाली, "आज बाई असती तर आपल्या आदी हितं उबी असती."

"व्हय ना."

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते माझ्या डोक्यापासून पाच हातांवर आलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलंही नाही, खाट वाजेल म्हणून.

"मला नेहमी म्हनायची," थोरली सांगत होती, "उशीर करत जाऊ नगंस गं. हे उठायच्या आत येत जा. म्हनायची, दिवसभरात मला तेवढंच बोलायला मिळतंय."

"आन डाक्टर?"

"ते कुटं बोलत्यात? पेपर वाचत्यात."

दोघी हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या. घरातल्या माणसाबद्दल हसतात तसं. मग दुसरी म्हणाली, त्या वरच्या फांदीला चांगली चार हायत, आणि काठी पुन्हा फांद्यांत शिरली.

मला खोकला आला. उशी उचलून मी तोंडावर धरली, आणि त्या जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.